तेलाची धार

‘तेल पाहा, तेलाची धार पाहा’ असें मराठींत म्हणतात तें उतावळ्या माणसाला जरा थांबविण्यासाठीं. घाई करूं नये, गोष्ट कोणत्या वळणावर जाते तें आधीं पाहावें, एवढाच त्या म्हणण्याचा अर्थ. परंतु धातु कातण्याच्या कारखान्यांत हेंच वाक्य अक्षरशः लागू पडतें. तेथें तेल कोणतें आहे हें पाहावें लागतेंच. पण तें किती जोरानें, किती बारीक धारेनें आणि नेमकें कोणत्या जागीं पडतें, यावर हत्याराचें आयुष्य, तयार होणाऱ्या वस्तूचा सुबकपणा आणि पुष्कळदां कारागिराच्या हाताची सुरक्षितताहि अवलंबून असते.

लेथ हें यंत्र शहरांतील घरांना अपरिचित असलें तरी त्याची कृति अपरिचित नाहीं. कातारी ज्या चरकावर लाटणीं, भोंवरे आणि पाळण्याचे खांब कातून काढतो, त्याचाच हा लोखंडी भाऊबंद. दोहोंतहि वस्तु फिरते आणि हत्यार तिला टेकलेलें असतें. फरक एवढाच कीं कातारी आपलें हत्यार हातानें धरतो, आणि लेथवर तें एका भक्कम पकडींत आवळून बसविलेलें असतें. मोटारीच्या चाकाचा आंस, पंपाचा दांडा, शिवणयंत्रांतील लहानशी पिन, विमानाच्या इंजिनांतील चकती, अशा गोल आकाराच्या धातूच्या वस्तूंपैकीं बहुतेक केव्हां ना केव्हां लेथवरून गेलेल्या असतात.

सुरी लोण्यांतून जाते तसें हत्यार पोलादांतून जात नाहीं. हत्याराच्या टोकापुढचा धातु प्रथम दाबला जातो. मग त्याचे थर जुडींतील पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात, आणि त्या सरकलेल्या थरांची एक साल हत्याराच्या माथ्यावरून घासत वर चढते. या सालीलाच कारखान्यांत चिप म्हणतात. थर सरकतांना उष्णता होते, आणि साल घासतांना पुन्हां होते. कातण्यासाठीं मोटारीनें खर्च केलेली जवळजवळ सारी शक्ति शेवटीं उष्णताच होऊन बसते. त्यांतील बराचसा भाग चिपेबरोबर निघून जातो. पोलादाच्या ताज्या चिपा निळ्या-जांभळ्या दिसतात त्या यामुळेंच. पण जो थोडा भाग हत्याराच्या टोकांत शिरतो तोच घात करतो, कारण ती जागा फार लहान असते. चिप आणि हत्यार यांचा स्पर्श सामान्यतः एक-दोन मिलिमीटरांपलीकडे जात नाहीं, आणि वेगानें पोलाद कातत असतां एवढ्याशा जागेंत तपमान ८०० ते १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढूं शकतें.

साध्या कर्बयुक्त पोलादाचें हत्यार २०० ते २५० अंशांच्या पुढें मऊ पडूं लागतें. टंगस्टन वगैरे धातु मिसळलेलें ‘हाय-स्पीड’ पोलाद ६०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकाव धरतें. टंगस्टन कार्बाइड याहून पुष्कळ अधिक सोसतें. परंतु तेंहि झिजतेंच.

हत्याराच्या झिजेचा हा हिशेब अत्यंत चिकाटीनें मांडला तो फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन इंजिनियरानें. फिलाडेल्फियांतील मिडव्हेल पोलाद कारखान्यांत १८८० सालीं त्यानें प्रयोग सुरू केले, आणि पुढें निरनिराळ्या कारखान्यांतून ते २६ वर्षें चालविले. आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं केवळ प्रयोगापायीं कातून टाकलें. १९०६ सालीं अमेरिकेंतील यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेपुढें अध्यक्ष या नात्यानें त्यानें जो विस्तृत निबंध सादर केला, त्यांतील वेगाचा आणि आयुष्याचा नियम आजहि तंत्रविद्यालयांतून शिकविला जातो. त्याच्या हाय-स्पीड पोलादाच्या आंकड्यांप्रमाणें कातण्याचा वेग शेंकडा १० नें वाढविला, तर हत्याराचें आयुष्य निम्म्याहूनहि कमी उरतें. इतक्या थोड्या फरकानें इतका मोठा तोटा होतो, याचा अर्थ टोक किंचित् थंड ठेवतां आलें तर होणारा लाभहि तसाच मोठा असला पाहिजे.

तसा तो होता. प्रयोगांच्या आरंभीच्याच वर्षांत टेलरला आढळून आलें कीं, चिप जेथें सुटते नेमकी त्याच जागीं पाण्याची जाड धार सोडली तर कातण्याचा वेग शेंकडा ३० ते ४० नें वाढवितां येतो. यंत्राला गंज चढूं नये म्हणून त्या पाण्यांत सोडा विरघळविलेला असे. १८८४ सालीं मिडव्हेलला जी नवी कार्यशाळा उभारली तींत यंत्रायंत्राला हें पाणी पुरविण्याची, आणि वाहून गेलेलें पाणी एका विहिरींत जमवून पुन्हां फिरविण्याची व्यवस्था होती. फळ उघड डोळ्यांपुढें असतां इतर कारखान्यांनीं तिचें अनुकरण करावयास कित्येक वर्षें घेतलीं, याचें टेलरला नवल वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

टेलरची ही नुसती ओतण्याची पद्धत जगांतील बहुसंख्य लेथांवर आजहि चालू आहे. सौम्य वेगानें साधें पोलाद कातावयाचें असेल तर ती पुरेशीहि आहे. परंतु वेग वाढला, किंवा धातु हट्टी निघाला, कीं तिची मर्यादा दिसूं लागते. ती कां, हें समजण्यासाठीं स्वयंपाकघरांत जावें. तवा नुकताच तापूं लागला असतां त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्र करून आटतो. तोच तवा अतिशय तापवून थेंब टाकला तर तो आटत नाहीं; मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचत राहतो. थेंबाच्या खालीं वाफेचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो थेंबाला तव्याचा स्पर्शच होऊं देत नाहीं. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं या चमत्काराचें सविस्तर वर्णन केलें, म्हणून तो त्याच्या नांवानें ओळखला जातो. हत्याराच्या टोकाशीं हेंच घडतें. वरून कितीहि बादल्या ओतल्या, तरी अगदीं तापलेल्या बिंदूभोंवतीं वाफेचें कवच राहतें. शिवाय वर चढणारी चिप छत्रीसारखी आड येते. बाहेरून पाहणाऱ्याला सारें यंत्र न्हाऊन निघालेलें दिसतें, आणि जेथें पाणी हवें ती जागा कोरडीच असते.

मग उपाय उरतो तो धारेला जोर देण्याचा. साध्या लेथवरील पंपाचा दाब थोड्याच बारांचा असतो. एक बार म्हणजे स्थूलमानानें आपल्यावर असलेल्या हवेचा दाब. प्रेशर कुकरची शिटी वाजते तेव्हां आंतला दाब बाहेरच्याहून सुमारें एकाच बारनें अधिक असतो. मोटारीच्या टायरांत दोन-अडीच बार भरलेले असतात. उच्च दाबाच्या कातकामांत ७० बार हा नेहमींचा आंकडा आहे, आणि विशेष कामासाठीं १५० किंवा ३०० बारपर्यंतहि मजल जाते. ७० बार म्हणजे सुमारें ७०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. पुणें शहरापेक्षां सिंहगडाचा माथा जवळजवळ तितकाच उंच आहे. तेव्हां गडावरच्या टाक्यांतून थेट शहरांत नळ आणला आणि त्याच्या तोंडाशीं सुईएवढें छिद्र ठेवलें, तर जी पिचकारी उडेल ती या जातीची. अशा धारेचा वेग सेकंदाला सुमारें १२० मीटर, म्हणजे तासाला ४०० किलोमीटरांहून अधिक भरतो. छिद्र मात्र एक मिलिमीटरच्या आसपासचें असतें, आणि त्यांतून मिनिटाला चार-पांच लिटरच तेल जातें. सारा भर प्रमाणावर नसून वेगावर आहे.

ही धार नेमकें काय करते याविषयीं मात्र एक गैरसमज आहे. जाहिरातींच्या चित्रांतून तेल चिपेच्या आणि हत्याराच्या मध्यें पार टोकापर्यंत घुसलेलें दाखवितात. तें खरें धरूं नये. टोकाशीं चिप हत्यारावर ज्या दाबानें रेटली जाते तो दहा हजार बारांच्या घरांतला असतो. तेथें ७० बारांची मात्रा काय चालणार? एडवर्ड ट्रेंट या इंग्रज संशोधकानें १९७७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें आहे कीं, त्या जागीं चिप आणि हत्यार घासत नसून अक्षरशः एकमेकांना चिकटलेलीं असतात. तेथें कोणतेंहि तेल शिरत नाहीं. पण टोकापासून थोडें मागें, जेथें चिप हत्यारावरून सुटून वळूं लागते, तेथें एक निमुळती फट असते. वेगवान धार त्या फटींत पाचरीसारखी बसते, वाफेचें कवच फोडते आणि चिपेला वर उचलते. चिप लवकर सुटली कीं स्पर्शाची लांबी आंखूड होते, घर्षण घटतें, आणि टोकाच्या अगदीं पाठीशीं थंडावा पोहोंचतो. गाभ्यापर्यंत न जातां कांठावरूनच गाभ्याचा ताप उतरविण्याची ही युक्ति आहे.

दुसरा मार्ग खालून आहे. कातलेला पृष्ठभाग आणि हत्याराची समोरची बाजू यांच्यामध्यें हत्यार घासूं नये म्हणून थोडा कोन मोकळा सोडलेला असतो. आर. जे. एस. पिगट आणि ए. टी. कॉलवेल या अमेरिकन इंजिनियरांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘हाय-जेट’ पद्धतींत तेलाची वेगवान बारीक धार या मोकळ्या कोनांतून खालून वर सोडली होती, आणि हाय-स्पीड पोलादाच्या हत्यारांचें आयुष्य तिच्या योगानें कित्येक पटींनीं वाढलेलें आढळलें. तरीहि ही पद्धत त्या काळीं सार्वत्रिक झाली नाहीं. बंदुकीच्या नळीसारखीं लांब आणि अरुंद छिद्रें पाडण्याच्या कामीं मात्र, हत्याराच्या पोटांतूनच दाबाखालीं तेल सोडण्याची रीत जुनी आहे. तेथें तेलानें चिपा बाहेर ढकलून काढल्या नाहींत तर काम पुढें सरकतच नाहीं.

लेथवर या विद्येला खरी मागणी आली ती विमानांच्या इंजिनांमुळें. त्यांतील भाग टिटॅनियमच्या आणि निकेलच्या मिश्रधातूंचे असतात. साधें पोलाद जितकी उष्णता वाहून नेतें त्याच्या सुमारें सातवा हिस्साच टिटॅनियमचा नेहमींचा मिश्रधातु नेऊं शकतो. चिपेबरोबर पळून जाणारी उष्णता मग पळत नाहीं. ती हत्याराच्या टोकांतच मुक्काम ठोकते. निकेलच्या मिश्रधातूंची दुसरी खोड अशी कीं ते लाल तापले तरी मऊ पडत नाहींत. त्याच गुणासाठीं तर त्यांना इंजिनाच्या तप्त भागांत जागा मिळालेली असते. अशा धातूंवर नुसतें ओतलेलें तेल फारसें उपयोगी पडत नाहीं, आणि दाबाच्या धारेचा गुण मात्र चटकन् दिसतो. आज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून संगणकाच्या आज्ञेनें चालणारे जे लेथ दिसतात, त्यांपैकीं कित्येकांवर असा पंप बसविलेला असतो.

चिप तुटणें ही या पद्धतीची कदाचित् सर्वांत मोलाची देणगी. चिवट धातूची चिप आपण होऊन तुटत नाहीं. ती फितीसारखी लांबच लांब निघते, फिरत्या वस्तूभोंवतीं गुंडाळते, नुकताच गुळगुळीत केलेला पृष्ठभाग ओरबाडते आणि शेवटीं यंत्र थांबवावयास लावते. तिचे कांठ वस्तऱ्यासारखे असतात. असा गुंता आंकडीनें ओढून काढतांना हात फाटून घेतलेले कारागीर प्रत्येक जुन्या कारखान्यांत भेटतात. जोरदार धार चिपेला मागें वांकवून तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करते. मात्र हें कोणत्याहि दाबावर होत नाहीं. धातूच्या जातीप्रमाणें आणि चिपेच्या जाडीप्रमाणें एक विवक्षित दाब ओलांडावा लागतो. त्याच्या आंत पंपानें कितीहि घरघर केली तरी चिप आपली लांबच निघत राहते.

तेल घ्यावें कीं पाणी, हा वाद जुना आहे. एक अंश तापण्यासाठीं पाणी तेलाच्या दुपटीहून अधिक उष्णता पोटांत घेतें. म्हणून थंड करण्याच्या कामीं पाण्याला तोड नाहीं. परंतु पाण्याला वंगणाचा गुण नाहीं आणि तें लोखंडाला गंजवितें. यासाठीं तेलाचे बारीक कण पाण्यांत मिसळून दुधासारखा पांढरा द्राव करतात. कारखान्यांतून त्याला कूलंट म्हणतात. वेग मोठा असेल तेथें तो चांगला. पेंच कातणें, खोल छिद्र पाडणें अशा मंद पण घासणीच्या कामाला निव्वळ तेल बरें. पूर्वीं त्यासाठीं डुकराच्या चरबीचें तेल वापरीत. पुढें खनिज तेलांत गंधकाचीं संयुगें मिसळूं लागले. तीं तापलेल्या धातूशीं संयोग पावून त्यावर एक सहज सरकणारा पातळ थर बसवितात, आणि त्यामुळें चिप हत्याराला कमी चिकटते.

उच्च दाबाचा पंप विकत घेतला म्हणजे काम झालें असें समजणारे कारखानदार नेहमीं भेटतात, आणि त्यांचीच निराशा सर्वांत मोठी होते. जुनी वांकवलेली तांब्याची नळी तशीच ठेवून तिच्यांतून ७० बार सोडले, तर धार टोकापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच पसरून फवारा होते, आणि नळी थोडी जरी हलली तरी नेम चुकतो. छिद्र हत्याराच्या पकडींतच असावें लागतें, टोकापासून अगदीं जवळ, आणि रोखलेलें असावें तें चिपेच्या खालच्या फटीवर. नेम अर्धवट साधला तर लाभ तर नाहींच, उलट कार्बाइडचें टोक क्षणांत तापून क्षणांत निवाल्यामुळें त्याला तडे जातात. मिलिमीटरभर छिद्रांत चिपेचा एक कण अडकला कीं धार बंद पडते. म्हणून तेल फार बारीक गाळणींतून गाळून घ्यावें लागतें. पुन्हां पंपाची शक्ति कोठें जाते हाहि प्रश्न असतोच. मिनिटाला २० लिटर तेल ७० बारांनीं ढकलावयास तीन अश्वशक्ति तरी लागते, आणि ती सारी अखेर तेलालाच तापविते. टाकींतलें तेल असें दिवसभर तापत राहिलें तर वस्तूचें मापहि हलूं लागतें. तेव्हां तें निववण्याचें वेगळें यंत्र जोडावें लागतें. दुधाळ कूलंट असेल तर टाकीवर फेंस चढतो, आणि फेंस ओढणारा पंप दाब देऊं शकत नाहीं.

हें सारें यंत्राचें झालें. यंत्राजवळ माणूसहि उभा असतो. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत सूत कातणाऱ्या कामगारांच्या कपड्यांवर यंत्राचें खनिज तेल सतत उडत असे; त्यांच्यांत अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग वारंवार आढळतो हें १९२२ सालीं तेथील वैद्यांनीं उजेडांत आणलें. पुढें बर्मिंगहॅम भागांत लेथवर काम करणाऱ्यांतहि तोच रोग दिसून आला. हल्लीं कातकामासाठीं विकलीं जाणारीं चांगलीं तेलें शुद्ध करतांना त्यांतील घातक संयुगें बरीचशीं काढून टाकतात. पण उच्च दाबाच्या धारेनें तेलाचें धुकें पूर्वींपेक्षां जास्त होतें, तें श्वासावाटें आंत जातें, आणि निव्वळ तेलाचें असेल तर ठिणगीनें पेटहि घेऊं शकतें. यासाठीं असे लेथ चारी बाजूंनीं बंद पेटीसारखे असतात, धुकें ओढून घेणारा पंखा त्यांना जोडलेला असतो, आणि तेलावर चालणाऱ्या पुष्कळशा यंत्रांत आग विझविण्याची सोयहि आंतच केलेली असते.

धारेचा आणखी एक धोका आहे, आणि तो दिसत नाहीं. सुमारें सात बारांची बारीक धारहि माणसाची कातडी भेदूं शकते. ७० बारांची नळी कोठें तरी सुईच्या अग्राएवढी फुटली आणि गळती शोधण्यासाठीं कोणी तिच्यावरून बोट फिरविलें, तर तेल कातडींतून आंत शिरतें आणि स्नायूंच्या आवरणांतून वर मनगटापर्यंत पसरतें. बाहेर टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो. पहिले कांहीं तास फारसें दुखतहि नाहीं, आणि कामगार बोट पुसून पुन्हां कामाला लागतो किंवा घरीं येऊन जेवावयास बसतो. पुढें बोट सुजतें, बधिर होतें, काळें पडूं लागतें. वेळींच शस्त्रक्रिया करून आंतलें तेल काढलें नाहीं तर बोट, प्रसंगीं हातहि कापावा लागतो. म्हणून गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून. ज्या जागीं तो भिजतो तेथें फट. दाबमापकाचा कांटा शून्यावर येईपर्यंत लेथचें दार उघडावयाचें नाहीं. आणि घरांत कोणाच्या बोटाला असा ठिपका दिसला, तर रात्र न काढतां त्याला इस्पितळांत न्यावें, व जखम साध्या टोंचणीची नसून दाबाखालच्या तेलाची आहे, तेल कोणतें होतें आणि दाब किती होता, हें डॉक्टरांना विचारण्यापूर्वींच सांगावें.